आपल्याच किल्लीवर आपलीच सही



लातूरच्या विभागीय बैठकीत दुपारच्या सत्रात ईमेल बंदिस्त करण्याच्या सॉफ्टवेअरची ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे होते. किल्ली तयार होताच ते सॉफ्टवेअर तिच्यावर किल्लीच्या मालकिणीचीच सही घेते, असे मी सांगितले तेव्हा मागच्या रांगेतून एक कार्यकर्ती म्हणाली, "म्हणजे मी कोण ते मीच सांगायचं आणि खाली सहीबी मीच करायची? मग तिला विचारतंय कोण?" सगळ्या हसल्या. तेवढ्यात चहा आला आणि उत्तर अर्धवट राहिले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. बाईच्या स्वतःच्या सहीला किंमत किती, हा आपल्या चळवळीचा जुनाच प्रश्न. तो आता संगणकात शिरला आहे एवढेच. म्हणून या वेळचे संपादकीय त्या उत्तरासाठी.

हे शहरातल्या संगणकवाल्यांचे खूळ आहे, आपल्याला त्याचे काय, असे ज्यांना वाटत असेल त्यांना आधी एक घडलेली गोष्ट सांगते. (मुलीची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सासरच्या मारहाणीला कंटाळून चाकूर तालुक्यातल्या एका गावची मुलगी आमच्या केंद्रात आली. तिला आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेकडे पोहोचवले. आठ-दहा दिवसांनी त्या संस्थेला आमच्या केंद्राच्या नावाने ईमेल गेला. भाषा आमचीच वाटावी अशी, खाली माझे नाव आणि हुद्दा. मजकूर एवढाच : संरक्षण अधिकाऱ्यांना अहवाल द्यायचा आहे, तरी मुलीला सध्या नेमके कोठे ठेवले आहे तो पूर्ण पत्ता आणि सोबतच्या कार्यकर्तीचा मोबाइल नंबर ताबडतोब कळवावा. आमच्या खऱ्या ईमेल पत्त्यात आणि त्या पत्त्यात एका अक्षराचा फरक होता. तिथल्या ताईंनी उत्तर लिहायला घेतलेही होते. पण मुलीच्या औषधाचे काही विचारायचे म्हणून त्यांनी आधी मला फोन केला आणि बोलता बोलता त्या मेलचा विषय निघाला. औषध संपले नसते तर पत्ता गेला असता.

गुप्ततेचा विषय निघाला की आपल्याला आधी आठवते ते दुसऱ्याने आपले पत्र वाचणे. इथे कोणी कोणाचे पत्र वाचले नव्हते. पत्र ज्या नावाने आले त्या बाईचे ते नव्हते, सगळा घोटाळा तेवढाच. ते एवढे सोपे होते की त्यासाठी कोणी हुशार माणूस लागला नसणार. सासरच्या नात्यातला, मोबाइल दुकानात बसणारा एखादा पोरगा पुरेसा आहे.

आता किल्लीकडे येते. फिल झिमरमन नावाच्या अमेरिकन माणसाने १९९१ साली पीजीपी नावाचे सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटले. तो स्वतः अण्वस्त्रविरोधी चळवळीतला होता आणि कार्यकर्त्यांची पत्रे सरकारने वाचू नयेत हा त्याचा हेतू होता. ते देशाबाहेर गेले म्हणून तिथल्या सरकारने त्याच्यामागे शस्त्रास्त्रांच्या निर्यातीचा कायदा लावून चौकशी सुरू केली. ती जानेवारी १९९६ मध्ये सोडून दिली. पुढे वर्नर कोख या जर्मन प्रोग्रॅमरने त्याच पद्धतीचे, सर्वांना मुक्त असलेले जीपीजी तयार केले. थंडरबर्ड या ईमेलच्या सॉफ्टवेअरमध्ये तर २०२० पासून ही सोय आतच मिळते, वेगळे काही बसवावे लागत नाही. पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ, आणि थोडा चिवटपणा.

यात प्रत्येकीच्या दोन किल्ल्या असतात, एक सार्वजनिक आणि एक खासगी. सार्वजनिक किल्ली हे खरे म्हणजे उघडे कुलूपच समजा. ते मी हजार जणींना वाटू शकते. जिला मला पत्र पाठवायचे तिने पत्र पेटीत घालून माझे कुलूप दाबायचे. उघडणारी खासगी किल्ली माझ्याकडेच, दुसरी कोठे नाही. सहीचे याच्या उलट चालते. खासगी किल्लीने मी मजकुरावर सही करते आणि माझी सार्वजनिक किल्ली जिच्याकडे आहे ती कोणीही ती सही तपासू शकते. मजकुरातला एक काना जरी कोणी बदलला तरी सही जुळत नाही.

पण सार्वजनिक किल्ली म्हणजे नुसता एक भला मोठा आकडा. तो कोणाचा हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून त्याला नाव आणि ईमेल पत्ता अशी चिठ्ठी जोडलेली असते. डब्यावर 'तिखट' असे लिहून चिकटवलेला कागद जसा, तशी. आता कोणी माझ्या किल्लीवरची चिठ्ठी काढून तिथे माझेच नाव पण स्वतःचा ईमेल पत्ता लावला आणि ती किल्ली पुढे पाठवली, तर काय होईल? मैत्रीण मला म्हणून पत्र पाठवील, ते माझ्याच कुलपाने बंद होईल, पण जाईल त्या भामट्याकडे. त्याला ते उघडता येणार नाही हे खरे. पण मलाही ते कधी मिळणार नाही, आणि मिळाले नाही हे कळणारही नाही. कोर्टाची तारीख, मेडिकलचा कागद, 'उद्या सकाळच्या गाडीने येते' असा निरोप, यांतले काहीही असे वाटेतच जिरवता येते.

या खोडीवरचा उपाय म्हणजे आपल्या किल्लीवरची आपली सही. किल्ली आणि तिच्यावरची चिठ्ठी या दोन्हींना एकत्र धरून माझी खासगी किल्ली सांगते : हा आकडा आणि हे नाव मीच जोडले आहे. त्यानंतर नाव किंवा पत्ता कोणी बदलला की सही फुटते आणि सॉफ्टवेअर ती किल्ली घेत नाही. पीजीपीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ही सही आपण होऊन करावी लागे, आणि पुष्कळ जण ती करायला विसरत. जाणकार मंडळी ज्याला त्याला 'आधी आपल्या किल्लीवर सही करा' म्हणून बजावीत. आता जीपीजी किल्ली बनवतानाच ती करून टाकते. किल्लीची मुदत कधी संपते हेही त्या सहीतच नोंदलेले असते.

मला स्वतःला यातली एक गोष्ट फार आवडली. एका किल्लीला एकापेक्षा अधिक नावे जोडता येतात, आणि प्रत्येक नावाखाली सही लागते ती त्याच बाईची. माहेरचे नाव, सासरचे नाव, नवऱ्याला सोडल्यानंतर पुन्हा घेतलेले नाव, नुसते पहिले नाव, जे हवे ते. जुने नाव रद्द करायचे तर तेही तीच करते. नावबदलासाठी राजपत्रात जाहिरात देताना, रेशनकार्डावरून नाव कमी करताना, पोराच्या शाळेत दाखल्याच्या वेळी आपल्या बायकांना किती टेबलांपुढे उभे राहावे लागते ते आपण रोज पाहतो. इथे बापाचे नाव, नवऱ्याचे नाव असा रकानाच नाही. ज्यांनी हे बनवले त्यांच्या मनात बायकांचा विचार होता असे नाही, पण झाले ते बरे झाले.

आता त्या कार्यकर्तीच्या शंकेचा दुसरा भाग, आणि तिथे तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे. ही सही एवढेच सांगते की चिठ्ठी किल्लीवाल्यानेच लावली. किल्लीवाला कोण, हे ती सांगत नाही. मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने दाखल्यांच्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्याऐवजी अर्जदाराची स्वतःचीच सही चालेल असे ठरवले. झेरॉक्सवर आपण 'स्वयंसाक्षांकित' लिहून सही करतो ती हीच. त्या सहीने माणूस कागदाची जबाबदारी घेतो. पण मूळ कागद कोणी मागितल्यावर तो दाखवावाच लागतो. तसेच इथे. माझ्या केंद्राच्या नावाने मेल करणाऱ्याने उद्या माझ्या नावाची नवीच किल्ली बनवली आणि तिच्यावर तिचीच सही केली, तर ती सही तंतोतंत जुळेल. सॉफ्टवेअर हूं की चूं करणार नाही.

हे कल्पनेतले नाही. किल्ल्या ओळखायला लोक पूर्वी तिच्या ठशाची शेवटची आठ अक्षरे पाहत. ठसा म्हणजे किल्लीवरून गणिताने काढलेली चाळीस अक्षरांची खूण. बोटाचा ठसा जसा माणसाचा, तसा हा किल्लीचा. शेवटची आठ अक्षरे जुळतील अशा खोट्या किल्ल्या पाडता येतात हे काही संशोधकांनी दाखवून दिले, आणि २०१६ साली लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सच्या नावाचीही तशी किल्ली सार्वजनिक सर्व्हरवर आढळली. नाव तेच, आठ अक्षरे तीच, किल्ली दुसरीच. म्हणून पाहायचा तर चाळीसच्या चाळीस अक्षरांचा ठसा पाहायचा.

मग बाईच्या सहीला दुजोरा कोणी द्यायचा? सरकारचे उत्तर शिक्क्याचे आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता दिली. परवाना असलेल्या कंपन्या आणि संस्था सहीचे प्रमाणपत्र देतात आणि त्यांच्या वर केंद्राचा नियंत्रक बसतो. नियंत्रकाच्या प्रमाणपत्रावर मग कोणाची सही? त्याची त्याचीच. सर्वांत वर बसलेला माणूस स्वतःच स्वतःला दाखला देतो, फक्त त्याला कोणी 'तुला विचारतंय कोण' म्हणत नाही. या उतरंडीत काय होऊ शकते ते जुलै २०१४ मध्ये दिसले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, यंत्रणेतून गूगलच्या नावाची बनावट प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले आणि एनआयसीला प्रमाणपत्रे देणे थांबवावे लागले.

या सरकारी सहीचा गावातला अवतार आपल्याला चांगला ठाऊक आहे : डोंगल. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा २०२०-२१ पासून यायला लागला तेव्हा ग्रामपंचायतीची बिले काढायला सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांची डिजिटल सही सक्तीची झाली. सरपंचाची खासगी किल्ली त्या बोटभर डोंगलमध्ये असते. महाराष्ट्रात २०११ च्या दुरुस्तीनंतर पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या. पण डोंगल कोठे असते? एखाद्या बाईकडे असते, नाही असे नाही. पण नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात, ग्रामसेवकाच्या बॅगेत, ऑपरेटरच्या खणात, अशीही ती मी पाहिली आहे. एका ठिकाणी तर पाच गावांची डोंगले रबर लावून एकत्र ठेवलेली, आणि पिन त्यांच्याच पाकिटांवर पेनने लिहिलेला. बिल निघाले की बाईला कळते ते निघाल्यावर, किंवा कळतच नाही. चौकशी लागली, वसुली निघाली, ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली पद जाण्याची वेळ आली की मात्र नोटीस तिच्या नावाने. आणि तिला म्हणता येत नाही की सही खोटी आहे. सही खरीच आहे. ती तिने केलेली नाही, एवढेच. पूर्वी बाईचा हात धरून शाईत अंगठा बुडवायचे. त्यात निदान बाई तिथे हजर असावी लागे.

म्हणून शिबिरांतून मी आता सांगते की किल्लीची सगळी चर्चा खासगी किल्ली कोणाकडे आहे इथून सुरू करा. ज्या गटात अध्यक्षबाईंचा पासवर्ड त्यांचा मुलगा ठेवतो, त्या गटाची सही म्हणजे मुलाची सही.

झिमरमनच्या सॉफ्टवेअरने उतरंडीऐवजी दुसरी वाट दिली, आणि ती आपल्या स्वभावाला जवळची आहे. पूर्वी बँकेत खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागायची. तसे इथे मी एखादीला भेटते, तिचा ठसा तिच्या तोंडून ऐकते, माझ्याकडच्या किल्लीशी ताडून पाहते, आणि तिच्या किल्लीवर माझी सही करते. माझ्यावर जिचा विश्वास आहे तिला त्या सहीचा आधार मिळतो. असे एकीतून दुसरीत विणत गेलेले जाळे. पहिली सही तिची स्वतःची, ती नसेल तर बाकीच्यांना सही करायला धड जागाच नाही. पण नुसती तिची असेल तर ओळख अजून व्हायची आहे. एडवर्ड स्नोडेनने जानेवारी २०१३ मध्ये चित्रपटकर्त्या लॉरा पॉइट्रस यांच्याशी संपर्क साधताना हेच केले. मिळालेली किल्ली खरेच लॉराची आहे का हे पाहण्यासाठी त्याने तिच्या ओळखीच्या मायका ली याला तिचा ठसा ट्विटरवर जाहीर करायला लावला, आणि मग ताडून पाहिला. जगभर गाजलेल्या त्या प्रकरणाच्या मुळाशी चाळीस अक्षरे वाचून दाखवण्याचे साधे काम होते.

आमच्याकडे बायकांनी एकमेकींच्या किल्ल्या तपासण्याच्या कार्यक्रमाला कोणीतरी 'किल्ल्यांचे हळदीकुंकू' म्हटले. नाव गमतीचे आहे, पण मला ते नको वाटते. ज्या समारंभात विधवेला बोलावत नाहीत त्याचे नाव या कामाला कशाला? नुसते 'ओळख-परेड' म्हणू या. ती आरोपींचीच असते असे कुठे लिहिले आहे.

एक सावधगिरी मात्र पाश्चात्त्य पुस्तकांतून फारशी ठळक सांगत नाहीत. किल्लीवरच्या सह्या जाहीर केल्या की कोण कोणाला ओळखते याची यादीच जाहीर होते. निवारा चालवणाऱ्या बाईच्या किल्लीवर कोणाकोणाच्या सह्या आहेत, एवढे कळले तरी शोधणाऱ्याला वाट मिळते. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये आपल्या संगणकापुरतीच सही ठेवण्याची सोय आहे. आपण तीच वापरावी असे माझे मत आहे. शिवाय २०१९ साली जुन्या सार्वजनिक सर्व्हरांवर काही नामवंतांच्या किल्ल्यांना हजारो निरर्थक सह्या चिकटवून त्या वापरता येऊ नयेत अशा करून टाकण्याचा प्रकार झाला. त्याच वर्षी निघालेला नवा ओपनपीजीपी सर्व्हर दुसऱ्यांच्या सह्या वाटतच नाही. ईमेल पत्ता तपासतो आणि किल्ली मालकिणीच्या स्वतःच्या सहीसह देतो. ओळख पटवणे ज्याचे त्याच्यावर सोपवतो. आपल्या कामाला ते सोयीचेच आहे.

कुलूप लावले की सगळे भागले असे मात्र समजू नका. पुण्याच्या एल्गार परिषद प्रकरणात रोना विल्सन यांच्या संगणकाची तपासणी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालानुसार जून २०१६ मध्ये वरवरा राव यांच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधली जोडलेली फाइल उघडल्यावर त्या संगणकात हेरगिरीचा प्रोग्रॅम शिरला, तो सुमारे बावीस महिने आत राहिला, आणि पुरावा म्हणून पुढे आलेली दहा पत्रे बाहेरून आत ठेवली गेली. तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. स्त्री चळवळीत काम केलेल्या नागपूरच्या प्राध्यापिका शोमा सेन याच प्रकरणात जून २०१८ ते एप्रिल २०२४ तुरुंगात होत्या, त्यामुळे हा आपल्यापासून दूरचा विषय नाही. मेल ओळखीच्या खात्यावरून आला म्हणून तो ओळखीच्या माणसाचा ठरत नाही. खात्याचा पासवर्ड चोरता येतो. खासगी किल्ली वेगळी ठेवली असेल तर सही त्यासोबत जात नाही. आपसात प्रत्येक पत्रावर सही असण्याची सवय असेल तर बिनसहीच्या पत्रातली फाइल उघडण्यापूर्वी हात थांबेल. पण संगणकच दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर किल्लीही त्याच्याच ताब्यात जाते, हेही लक्षात असू द्या.

कायद्याचे थोडक्यात. आपली पत्रे अशी बंद करणे हा गुन्हा नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार ती उलगडून मागू शकते, आणि नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. पीजीपीची सही परवानाधारक डिजिटल सहीत मोडत नाही, त्यामुळे शपथपत्राच्या जागी ती चालणार नाही. दुसऱ्या बाजूने, बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे शिक्षापात्र आहे, आणि तिचे कागद आपण उघड्या मेलवरून, तीस जणींच्या व्हॉट्सॲप गटावरून फिरवतो! पत्र बंद असले तरी ते कोणी कोणाला पाठवले हे उघडेच राहते आणि विषयाची ओळही बहुधा उघडी राहते. तिथे मुलीचे नाव लिहू नका. ज्या गटांना संगणक परवडत नाही त्यांनी व्हॉट्सॲपवर निदान साठ आकडी सुरक्षा क्रमांक समोरासमोर ताडून पाहावा. कल्पना तीच आहे.

किल्ली केली त्याच दिवशी ती रद्द करण्याचे प्रमाणपत्रही करून, कागदावर छापून, बँकेच्या पासबुकासोबत ठेवावे. लॅपटॉप नवऱ्याने हिसकावून घेतल्यावर ते करायला वेळ मिळत नाही.

आमच्या केंद्राने आता ठरवले आहे की कोणत्याही मुलीचा ठावठिकाणा सांगणारे किंवा विचारणारे पत्र सहीशिवाय जाणार नाही, आणि आले तर त्याला फोन केल्याशिवाय उत्तर दिले जाणार नाही. या अंकाच्या मलपृष्ठावर आमच्या किल्लीचा ठसा छापला आहे, चार-चार अक्षरांचे दहा गट. छापील अंक तुमच्या हातात पोस्टाने पोहोचतो, तो वाटेत बदलणे ईमेल बदलण्याइतके सोपे नाही. तरीही त्याच्यावर विसंबू नका. तुमच्या जुन्या वहीत आमच्या केंद्राचा नंबर असेल त्यावर, मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी तीन ते पाच या वेळात फोन करा. माझा आवाज ओळखीचा वाटला तर दहाही गट वाचून घ्या, आणि मग तुमचे मला वाचून दाखवा.